नंदीबैलाची मान आणि मधमाशीचे गणित

सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत नंदीबैल आला, की मुले त्याच्यामागे धावतात. पाठीवर झूल, गळ्यात घुंगरांच्या माळा! 'यंदा पाऊस पडेल का?' असे नंदीवाला विचारतो, ढोल गुबुगुबु वाजतो आणि बैल मान डोलावतो. त्याला पावसाचे काही कळते का? नाही. धन्याच्या खुणा ओळखायला मात्र तो शिकलेला असतो.

असाच एक घोडा बर्लिनमध्ये गाजला होता. त्याचे नाव हान्स. 'तीन अधिक दोन किती?' असे विचारले, की तो खुराने पाच ठोके देई. १९०४ साली जाणकारांच्या मंडळाने तपासणी केली. लबाडी आढळली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने एक साधी युक्ती केली. उत्तर ठाऊक नसलेल्या माणसाला त्याने प्रश्न विचारायला लावले. झाले, हान्सचे गणित कोलमडले! योग्य ठोका पडताच प्रश्नकर्त्याचे डोके नकळत किंचित हलत असे आणि ते पाहून घोडा थांबत असे.

मग प्राण्यांना संख्या कळतच नाहीत काय? तसे नाही. माकडांच्या आणि कावळ्यांच्या मेंदूत ठरावीक संख्येला प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशी सापडल्या आहेत. 'तीन'ची पेशी तीन ठिपके दिसताच सर्वांत जोराने संदेश पाठवते. दोन किंवा चार दिसले तर कमी जोराने. शेजारच्या संख्या अशा एकमेकींत मिसळतात. म्हणूनच २ आणि ६ यांतला फरक प्राण्यांना सहज कळतो, ८ आणि ९ यांतला कळणे अवघड जाते.

आता मधमाशीकडे वळू. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरचा मध प्रसिद्धच आहे. जवळच्या मांघरची २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून निवड झाली. मधमाशीच्या मेंदूत दहा लाखांहूनही कमी चेतापेशी असतात. आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी! तरीही मेलबर्नच्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली १४ युरोपीय मधमाश्यांना बेरीज-वजाबाकी शिकवल्याचे प्रसिद्ध केले. माशीला आधी काही आकृत्या दाखवीत. त्या निळ्या असतील तर एक मिळवायचा, पिवळ्या असतील तर एक वजा करायचा. पुढे दोन वाटा. बरोबर वाटेला साखरपाणी, चुकीच्या वाटेला कडू क्विनाईन. अशा शंभर फेऱ्यांनंतर परीक्षा झाली. परीक्षेत बक्षीस नव्हते. तरीही माश्यांनी शंभरांपैकी साठ ते पंचाहत्तर वेळा बरोबर वाट निवडली. नुसत्या नशिबाने हे प्रमाण पन्नासच्या आसपास राहिले असते.

पुढे काही शास्त्रज्ञांनी शंका काढली. माश्या गणित करतात, की आधी पाहिलेल्या चित्राशी जास्त जुळणारे चित्र निवडतात? हा वाद चालू आहे. हे चांगलेच! फुंग्स्टने शंका घेतली नसती, तर हान्स आजही गणिती ठरला असता.

मित्रहो, तुम्हीही प्रयोग करा. दोन ताटल्यांत २ व ६ दाणे ठेवून कोंबडीला निवड करू द्या. दर वेळी ताटल्यांच्या जागा बदला, निकाल वहीत लिहा. मग २ मोठे आणि ६ बारीक दाणे ठेवून पाहा. कोंबडीला संख्या कळते, की फक्त ढीग दिसतो? एक पथ्य मात्र पाळा : कोंबडी निवड करत असताना तुम्ही पाठ फिरवून उभे राहा. नाहीतर तुमच्याच अंगणात एक नवा हान्स तयार व्हायचा!