दोन बोटं दुमड

सकाळी ६.३०

आमच्या डोंबिवलीच्या घरात सकाळचा सगळ्यात चांगला उजेड स्वयंपाकघराच्या खिडकीत येतो. म्हणून शिलाई मशीन तिथेच ठेवलं आहे. मी घरून अल्टरेशनची कामं करते. साडीला फॉल लावणं, ब्लाउज सैल करणं, चेन बदलणं हे सगळं असतं, पण सगळ्यात जास्त काम येतं ते ऑफिसच्या पँटची उंची कमी करण्याचं. दुकानातली फॉर्मल पँट मुद्दाम लांब ठेवलेली असते आणि तिची मोहरी, म्हणजे पायाचा खालचा घेर, पुष्कळदा न शिवताच विकतात. घेणाऱ्याच्या उंचीप्रमाणे शेवटचं काम कोणीतरी करायचं असतं.

पहिलं काम वाटणीचं, आणि ती रंगाने. काळ्या, नेव्ही ब्लू, गडद राखाडी पँटी दिवसाच्या उजेडात शिवायच्या. फिकट रंगाच्या संध्याकाळी ट्यूबलाइटखाली. काळ्या कापडावर काळा दोरा दिव्याच्या उजेडात नीट दिसत नाही आणि सुई किती खोल गेली याचा अंदाज चुकतो. घरी एकच पँट शिवायची असली तरी हा नियम पाळावा.

सकाळी ७.१५

वरच्या मजल्यावरचा मुलगा नवी कोरी पँट घालून दारात उभा आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.

“काकू, उद्या कॅम्पसला कंपनी येतेय. संध्याकाळपर्यंत होईल ना?”

“होईल. पण बूट कुठे आहेत?”

“चपलेवरच आलोय. अंदाजाने घ्या ना माप.”

“अंदाजाने नाही घेत, बाळा. वर जा, उद्या घालणार तेच बूट घालून ये. पट्टाही लाव आणि शर्ट आत खोच.”

तो पाच मिनिटांत सगळं घालून येतो. पँट कमरेवर जिथे रोज बसते तिथेच बसली पाहिजे. पट्ट्याशिवाय ती थोडी खाली सरकते आणि माप तेवढंच चुकतं. मोबाइल आणि पाकीटही खिशात ठेवायला लावते. मग तो सरळ समोर बघत उभा राहतो. हे मला दर वेळी सांगावं लागतं, कारण प्रत्येकाला वाकून स्वतःचे पाय बघायचे असतात. माणूस वाकला की मागचं कापड वर ओढलं जातं आणि मापाला अर्थ उरत नाही. म्हणून अंगावर घातलेल्या पँटला टाचण्या दुसऱ्याने लावाव्यात. घरात कोणी नसेल तर अंगावर नीट बसणारी जुनी पँट घ्यावी, तिची आतली शिवण दोन्ही पाय जिथे जुळतात तिथपासून मोहरीपर्यंत मोजावी आणि ते माप नव्या पँटवर घ्यावं.

उंची ठरते ती बुटावर. मागे कापड बुटाच्या टाचेच्या वरच्या कडेपर्यंत यावं, पुढे लेसवर हलकं टेकावं आणि तिथे एक छोटी मोड पडावी. पाय अरुंद असेल तर मोड नसलेलीच बरी, कारण अरुंद मोहरीवर कापड साचतं आणि चुण्या पडतात. मागची बाजू पुढच्यापेक्षा सुमारे १ सेंमी खाली ठेवते. त्यामुळे चालताना टाच झाकलेली राहते आणि पुढे कापड गोळा होत नाही. यापेक्षा जास्त उतार दिला तर आत दुमडलेलं कापड सपाट बसत नाही.

दोन्ही पायांची मापं वेगळी घेते. उभं राहण्याच्या सवयीमुळे किंवा पायांच्या लांबीतल्या थोड्या फरकामुळे पुष्कळ लोकांत दोन्ही बाजू सारख्या येत नाहीत. एका पायाला टाचणी लावून दुसरा त्यावरून कापला, तर हा फरक आरशात लगेच दिसतो.

सकाळी ९.००

घरातली मंडळी लोकलला गेली, डबे गेले. आता उसवणं.

जुनी शिलाई कशी आहे ते आधी उलट्या बाजूने बघते. कारखान्यातली आतली दुमड बहुतेक वेळा एकाच दोऱ्याच्या साखळी टाक्याची असते. तिचं योग्य टोक सापडलं की दोरा एका ओढीत सरसर निघतो. घरच्या मशीनची टीप असेल तर तीन-चार टाके सोडून एकेक टाका रिपरने तोडायचा आणि मग उलट्या बाजूचा दोरा ओढायचा. ब्लेड मी वापरत नाही. पातळ कापडाला त्याचा एक ओरखडा पुरतो.

उसवल्यावर जुन्या घडीची रेघ राहते. पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून त्यात सुती फडकं भिजवते, पिळते, रेघेवर ठेवते आणि वरून इस्त्री दाबते. आधी आतल्या बाजूला छोट्या जागी करून बघते, रंग उतरत नाही ना याची खात्री करते. पँट लांब करून हवी असेल, तर गिऱ्हाइकाला आधीच सांगते की खूप वापरलेल्या गडद पँटवर जुन्या दुमडीची फिकट रेघ राहील. ती रेघ रंग झिजल्यामुळे पडलेली असते, त्यामुळे इस्त्रीने जात नाही.

सकाळी १०.३०

खुणा आणि कात्री. दिवसातलं सगळ्यात जबाबदारीचं काम डोकं ताजं असताना उरकते. रात्री मी कापड कापत नाही.

टाचणीच्या जागेवर आतून खडूने रेघ मारते. ही तयार उंचीची रेघ. तिच्याखाली ४ सेंमी, म्हणजे साधारण दोन बोटं, दुमडीसाठी ठेवते. जाड लोकरी कापडाला ५ सेंमी. या दोन बोटांच्या वजनाने पँटचा पाय सरळ खाली पडतो. अर्ध्या इंचाची दुमड केली तर मोहरी हलकी होऊन आत-बाहेर वळते आणि महागडं कापडही स्वस्त दिसतं. वाढत्या वयाच्या मुलाची पँट असेल तर आणखी २–३ सेंमी आत सोडते. पुढच्या वर्षी त्याच्या आईचे पैसे वाचतात.

सुती पँट असेल तर ती धुऊन, वाळवून मगच आणायला सांगते. नव्या सुती कापडाची उंची पहिल्या धुण्यात कमी होऊ शकते. आज बरोबर बसलेली पँट पुढच्या आठवड्यात घोट्यावर आलेली कोणालाच नको असते.

कापण्याआधी दोन्ही पाय एकमेकांवर ठेवून आतल्या आणि बाहेरच्या शिवणी जुळवते, टेपने पुन्हा मोजते आणि मगच कात्री चालवते.

इथे घरी शिवणारे पुष्कळदा अडतात. पँटचा पाय खाली अरुंद होत जातो. खालचं अरुंद कापड वरच्या रुंद भागावर दुमडलं की ते अपुरं पडतं आणि बाहेरून ताण दिसतो. उपाय सोपा आहे. दुमडीत जाणाऱ्या भागापुरत्याच दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवायच्या आणि खाली जाताना थोड्या बाहेरच्या बाजूला शिवायच्या. शिवणीत तेवढं कापड नसेल तर उसवलेल्या जागा तशाच मोकळ्या ठेवायच्या. दुमड लगेच सपाट बसते.

कापलेल्या काठाचे धागे सुटू नयेत म्हणून इंटरलॉक करते. घरी इंटरलॉक नसेल तर पिकोच्या दुकानात करून मिळतं, नाहीतर साध्या मशीनचा झिगझॅग चालतो. मशीनच नसेल तर काठावरून हाताने तिरपे टाके घालावेत. वेळ लागतो, पण टिकतात.

दुपारी १२.००

शिवण्याआधी इस्त्री. इस्त्री फिरवायची नसते, दाबून उचलायची असते. फिरवली की कापड ताणलं जातं. टेरीवूलवर आणि पॉलिएस्टरच्या कापडावर थेट गरम इस्त्री टेकवली तर चकाकी येते. गडद पँटवर ती चकाकी लांबूनही दिसते. म्हणून मध्ये ओलसर मलमलचं फडकं. पॉलिएस्टरला इस्त्री कमी गरम, सुतीला जास्त, लोकरीला वाफ भरपूर आणि घाई मुळीच नाही. वाफ दिल्यावर कापड थंड होईपर्यंत हलवत नाही, कारण घडी थंड होतानाच पक्की होते.

खडूच्या रेघेवर कापड आत दुमडून दाबते, मग काठापासून थोडं आत कच्चा दोरा घालते. पुष्कळ जण कच्चा दोरा टाळतात आणि टाचण्यांवर भागवतात. पण कच्चा दोरा असला की पँट परत घालून बघता येते, आणि दुरुस्ती करायची ती अशा वेळीच करता येते.

दुपारी २.००

जेवण झालं. खिडकीशी बसून हातशिलाई.

फॉर्मल पँटच्या मोहरीवर बाहेरून टीप मारत नाहीत. जीन्सला ती टीप शोभते, चिनो पँटवर चालते. सुटाच्या पँटवर ती रेघ डोळ्यांत येते. म्हणून सुई बारीक, दोरा पॉलिएस्टरचा आणि एकेरी, हातभरापेक्षा लांब नाही. हुबेहूब रंग मिळाला नाही तर एक छटा गडद घेते. फिकट दोरा चमकतो, गडद दोरा कापडात बुडतो.

गाठ दुमडीच्या आत लपवते. दुमडीचा काठ अर्धा सेंटिमीटर मागे परतवते आणि टाका दोन थरांच्या मध्ये घालते, म्हणजे तो आतूनही उघडा राहत नाही आणि पँट घालताना पायाच्या नखात अडकत नाही. बाहेरच्या कापडाचे एक-दोनच धागे सुईवर उचलायचे, मग दुमडीत टाका, मग साधारण १ सेंमी पुढे. कापड थोडं ताणणारं असेल तर फुलीसारखा तिरपा हेरिंगबोन टाका घेते. त्यात दोरा कापडाबरोबर सैलावतो. प्रत्येक शिवणीपाशी दोन उलटे टाके घेते. एखाद्या ठिकाणी दोरा तुटला तरी उसवण त्या शिवणीपाशी थांबते.

दोरा कधीही आवळत नाही. आवळला की बाहेर प्रत्येक टाक्याला बारीक खळगी पडते आणि उन्हात ती ओळीने दिसते. हातशिलाईत नवशिक्याचं काम ओळखू येतं ते बहुतेक इथेच. शिकणाऱ्या मुलींना मी सांगते, टाका पक्का हवा, घट्ट नको.

दुपारी ४.००

बँकेतल्या एक ताई रुंद मोहरीची पँट घेऊन आल्या आहेत. लोकलला सपाट चप्पल, ऑफिसात उंच टाच. दोन्हींना चालेल अशी उंची हवी आहे.

“तशी उंची होत नाही, ताई. टाचेच्या मापाने केली तर प्लॅटफॉर्मवर लोळेल, चपलेच्या मापाने केली तर ऑफिसात आखूड दिसेल. जास्त तास पायात काय असतं?”

“ऑफिसातलं सँडल.”

“मग माप त्याचंच घेऊ. प्रवासात खाली दोन सेफ्टी पिना लावून वर घ्यायची.”

रुंद मोहरी टाच झाकून जमिनीपासून साधारण १ सेंमी वर ठेवते. पावसाळ्यात मात्र आणखी थोडी वर. चिखलाचं पाणी मोहरीतून कापडात वर चढतं, दुमडीत साचतं आणि पँट तिथूनच लवकर खराब होते.

त्यांच्या पाठोपाठ शेजारच्या इमारतीतले आजोबा येतात. त्यांना बाहेर वळवलेली, दुपट्टीची मोहरी हवी आहे. त्याला सुमारे १० सेंमी जादा कापड लागतं: ४ बाहेर, ४ आत, उरलेलं शिलाईला. दुसऱ्या महायुद्धात कापड वाचवायचं म्हणून ब्रिटनमध्ये १९४२ साली पुरुषांच्या पँटला अशी मोहरी ठेवायला बंदी घातली होती. एकेका पँटमागे वाचणारे हे काही सेंटिमीटर तेव्हा सरकारला मोजावेसे वाटले. आजोबांच्या पँटमध्ये कापड भरपूर आहे, त्यामुळे त्यांचं काम होईल.

संध्याकाळी ६.३०

वरचा मुलगा पुन्हा बूट घालून आला आहे. कच्चा दोरा काढला आहे, मधली घडी थेट बुटाच्या मध्यावर येते आहे. आतली आणि बाहेरची शिवण एकमेकींवर ठेवून इस्त्री केली की घडी आपोआप मध्ये येते. त्याला चालायला लावते, मग खुर्चीवर बसायला. बसल्यावर मोहरी वर सरकणारच; तेव्हा मोजा दिसावा, पाय दिसू नये. “उद्या लांब मोजे घाल,” एवढं सांगते. मुलाखतीत तो बसलेलाच असणार आहे.

तो आरशासमोर उभा राहतो तेव्हा त्याचे खांदे सरळ होतात. कापड सकाळचंच आहे, पण आता ते त्याच्या मापाचं झालं आहे. हातशिलाईचे पैसे मी मशीनपेक्षा जास्त घेते आणि का ते समजावून सांगते. या कामाचा वेळ कोणाला दिसत नाही, म्हणून त्याची किंमत करणाऱ्यानेच मांडायला हवी. घरून काम करणाऱ्या प्रत्येक बाईने ती ठामपणे मांडावी.

रात्री ८.३०

फिकट रंगाच्या पँटी झाल्या. मशीन पुसलं, तेलाचे दोन थेंब घातले. टाचण्या आणि सुया मोजून डबीत ठेवल्या; घरात लहान मूल अनवाणी फिरतं, त्यामुळे ही मोजणी चुकवायची नाही.

दिवसभराच्या कामात सुई हातात असते ती थोडाच वेळ. बाकीचा वेळ जातो माप घेण्यात, उसवण्यात, खुणा करण्यात आणि इस्त्रीत. पँट ऑफिसची दिसते ती या तयारीमुळे. म्हणून सुईची भीती वाटणाऱ्यांनीही हे काम घरी करून बघावं. पहिल्यांदा रोजच्या वापरातली जुनी पँट घ्या, बूट घालून माप घ्या, दोन बोटं कापड आत ठेवा, आणि कच्चा दोरा घालून एकदा आरशासमोर चालून बघितल्याशिवाय पक्का टाका घालू नका.