घर-दलालाची वर्षअखेर

डिसेंबर लागला कीं वडाळ्याच्या मिठागरांच्या बाजूनें पहाटे गार वारा सुटतो, आणि त्याच सुमारास आमच्या खिशांतील मोबाइल सकाळीं सातालाच वाजूं लागतो. घरांची दलाली हा आमचा धंदा. अँटॉप हिलवर दोघे भाऊ मिळून तो आम्ही करतों. दलाल म्हटलें म्हणजे सुशिक्षित कुटुंबांतील माणसें अजूनहि किंचित् नाक मुरडतात, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु घर वाढलें, मुलगा वेगळा राहूं लागला किंवा नोकरी संपली, म्हणजे तींच माणसें आमच्या दुकानाची पायरी चढतात, आणि त्यांची जन्माची शिल्लक आमच्या शब्दावर एका हातांतून दुसऱ्या हातांत जाते. म्हणून आमची वर्षअखेर कशी जाते, हें या मासिकाच्या वाचकांस सांगण्यासारखें आहे असें आम्हांस वाटतें.

प्रथम जागेविषयीं. आमच्या पश्चिमेस माटुंगा. सन १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्यें जो इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्यानें आंखून दिलेले तेथील रुंद रस्ते व बागा आजहि डोळ्यांस सुख देतात. उत्तरेस सायन कोळीवाडा; फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनीं तेथें नव्यानें संसार मांडले. आणि मध्यें आमचें अँटॉप हिल: केंद्र सरकारच्या नोकरांची मोठी वसाहत, म्हाडाच्या इमारती, झोपडपट्टी हटवून उभ्या केलेल्या इमारती, आणि त्या सर्वांच्या माथ्यावरून डोकावणारे नवे मनोरे. सन २०१९ मध्यें मोनोरेलचा दुसरा टप्पा सुरू झाला, तेव्हां अँटॉप हिल हें नांव स्टेशनाच्या पाटीवर चढलें.

बाहेरच्या माणसास हीं सारीं घरेंच दिसतात. दलालास मात्र प्रत्येक घरामागें निराळा कायदा दिसतो. म्हाडाचें किंवा पुनर्वसनाचें घर ठराविक मुदतीपर्यंत विकतां येत नाहीं. सरकारी क्वार्टर पोटभाड्यानें देतांच येत नाहीं. तरी “तेवढी एक खोली गुपचूप लावून द्या” असें सांगणारा गृहस्थ दर डिसेंबरांत एक तरी भेटतोच. माटुंगा-दादरच्या जुन्या पागडीच्या घरांची तऱ्हा आणखी वेगळी. सन १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें त्यांचीं भाडीं जणूं गोठवून टाकलीं; त्याच्या जागीं आलेला १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला आणि त्यानें पागडीस उघड मान्यता दिली. यांतील कोणतें घर कोणत्या खणांत बसतें, हें पहिल्या भेटींतच विचारून घेतलें तर पुढील पंधरा दिवस वांचतात. घाईच्या दिवसांत आम्ही जो वेळ मिळवतों, त्यांतला निम्मा याच एका प्रश्नानें मिळवतों.

आतां, वर्षअखेर म्हणजे नक्की कोणती? विलायतेंत व अमेरिकेंत नाताळ जवळ आला कीं घरांचा बाजार पेंगूं लागतो असें म्हणतात. आमच्याकडे एका वर्षास तीन अखेरी आहेत. सरकारचा रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीं ठरवलेला जागांचा दर, सन २०१५ पर्यंत १ जानेवारीस बदलत असे. २०१६ पासून तो १ एप्रिलकडे गेला. त्यामुळें दुय्यम निबंधकांच्या कचेरीपुढील जी रांग ३१ डिसेंबरास लागत असे, ती आतां मार्चअखेरीस लागते. तिसरी अखेर पंचांगाची. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धनुर्मास. त्यांत घर ठरवतील, विसार देतील, पण गृहप्रवेश कोणी करणार नाहीं. मग किल्ली आमच्याच कपाटांत पडून राहते आणि पाडव्याच्या आदल्या दिवशीं सर्वांनाच ती एकदम हवी असते. आमच्या मातोश्री म्हणतात कीं, तुमच्या धंद्यांत मुहूर्त माणसांचा कमी व सरकारचा अधिक.

सरकारी मुहूर्ताचा खरा हिसका आम्हांस बसला तो सन २०२० च्या डिसेंबरांत. करोनामुळें बाजार थंडावला होता. तो हलावा म्हणून सरकारनें मुंबईंतील मुद्रांक शुल्क पांच टक्क्यांवरून १ सप्टेंबरपासून दोन टक्के केलें. ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत. त्यानंतर मार्चअखेर तीन टक्के. म्हणजे एक कोटीचें घर घेणाऱ्यास ३१ डिसेंबरास दोन लाख भरावे लागणार, आणि दुसऱ्या दिवशीं तीन. एका रात्रींत एक लाख! मध्यम स्थितींतील कुटुंबास ही रक्कम केवढी, हें वाचकांस सांगावयास नको. त्या एका महिन्यांत मुंबईंत एकोणीस हजारांवर दस्त नोंदले गेले. लोकल सर्वसाधारण प्रवाशांस अद्याप बंद होत्या. गिऱ्हाइकें बसनें, टॅक्सीनें, कोणी स्कूटरवर तोंडाला फडकें बांधून येत.

आम्हीं त्या महिन्यांत अकरा व्यवहार अंगावर घेतले. घ्यावयास नको होते. सहा झेपले असते. रात्रीं दोन-दोन वाजेपर्यंत कागद करूं लागलों. ३० डिसेंबरच्या संध्याकाळीं दोन गिऱ्हाइकांचीं चलनें तयार होऊन पडलीं होतीं; पैसे तेवढे भरावयाचे राहिले होते. त्यांतील एक गृहस्थ नुकतेच सरकारी नोकरींतून निवृत्त झालेले. क्वार्टर सोडण्याची मुदत जवळ आलेली, आणि फंडाची बहुतेक रक्कम या घरांत घातलेली. आमच्या वहिनी हिशेब पाहतात. त्यांनीं सहज म्हणून तीं चलनें मोठ्यानें वाचावयास घेतलीं आणि मध्येंच थांबून विचारलें, “भावोजी, यांची जागा तिसऱ्या मजल्यावर ना? मग येथें सातवा कसा?” आम्हीं दोन घरांचे क्रमांक एकमेकांत बदलून टाकले होते. तसेच पैसे भरले असते, तर दुरुस्तीच्या किंवा परताव्याच्या खेपा घालीत बसावें लागलें असतें, आणि सवलतीचा दिवस तर गेलाच असता.

तें संकट टळलें. दुसरें टळलें नाहीं. लातूरकडील एक मुलगी येथून जवळच्या रुग्णालयांत परिचारिका होती. तिच्या भाड्याच्या खोलीचा करार आम्हींच करून दिला होता आणि त्याची मुदत ३१ डिसेंबरास संपत होती. मोठ्या दलालीमागें धांवतांना ती तारीख आमच्या ध्यानांतच राहिली नाहीं. मालकानें दुसऱ्याशीं बोलणें करून टाकलें. जानेवारीच्या दोन तारखेस, करोनाच्या रात्रपाळीहून आलेली ती मुलगी आमच्या दुकानांत येऊन बसली आणि एवढेंच म्हणाली, “काका, तुम्ही फोन करणार होतात.” तिच्यासाठीं आठ दिवसांत दुसरी खोली पाहून दिली, दलाली घेतली नाहीं, परंतु ते आठ दिवस ती मैत्रिणीच्या घरीं जमिनीवर निजली.

तेव्हांपासून आमच्या दुकानांत एक जाड वही आहे. तींत गिऱ्हाइकें नांवांच्या क्रमानें लिहीत नाहींत, करार संपण्याच्या महिन्याप्रमाणें लिहितात. मुंबईंत भाड्याचे करार बहुधा अकरा महिन्यांचे असतात. त्यामुळें यंदा जानेवारीअखेर संपणारा करार पुन्हां केला, तर तो डिसेंबरअखेर संपतो, आणि त्यापुढील नोव्हेंबरअखेर. दरवर्षीं तारीख एक पाऊल मागें सरकते. डोक्यांत ठेवणाराचा घात तेथेंच होतो. येथें एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाहीं, ही समजूत महाराष्ट्रांत चुकीची आहे. १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें करार कितीहि महिन्यांचा असो, तो लेखी व नोंदलेला पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार न नोंदतां वाद निघाला, तर अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें प्रथम धरलें जातें. कित्येक शिकलेल्या घरांत हें आजहि कोणास ठाऊक नसतें.

बाकी आमची रीत साधी आहे. डिसेंबरांत व मार्चांत सकाळीं आठ ते दहा मोबाइल वहिनींपाशीं असतो, आणि त्या दोन तासांत केवळ कागद होतात. घरें दाखवणें दुपारीं चारनंतर. एका दिवशीं एकच बाजू. वडाळ्याचें घर दाखवून सायनला, तेथून पुन्हां वडाळ्याला, अशा येरझाऱ्या पूर्वीं आम्ही खूप घातल्या आणि त्यासच उद्योग समजलों. चालू व्यवहार सहाच; सातवा आला तर शेजारच्या दलालाकडे पाठवतों. प्रथम हें बंधूंस मुळींच रुचलें नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर गेलेली दलाली अजूनहि आम्हां दोघांस खुपते. आणि पैसे भरण्यापूर्वीं प्रत्येक कागद एकानें मोठ्यानें वाचावयाचा, दुसऱ्यानें मूळ दस्तावर बोट ठेवून ऐकावयाचा. लहानपणीं चातुर्मासांत आजोबा पोथी वाचीत व आजी चुकलेला शब्द पकडीत, तशांतलाच हा प्रकार.

सन २०१७ पासून दलालास महारेराकडे नोंदणी सक्तीची झाली व पुढें परीक्षाहि आली. पन्नाशी उलटल्यावर आम्ही दोघे परीक्षेस बसलों, तेव्हां घरांतील मुलांनीं आमची उजळणी घेतली. विकणारानें करार नोंदण्यापूर्वीं किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊं नये, हें कलम बंधूंस चुकलें म्हणून धाकट्या पुतणीनें त्यांच्याकडून तें तीनदां वदवून घेतलें.

यंदाहि पहिली तारीख झाली आहे. काल रात्रीं जेवणें आटोपल्यावर वहिनींनीं वही काढून महिन्याचें पान वाचलें. नऊ नांवें निघालीं. सातवें नांव त्या लातूरच्या मुलीचें होतें. तिचा करार याच महिन्यांत संपतो. मालकास फोन केला आहे. भाडें थोडें वाढवून मागतो आहे, परवां संध्याकाळीं त्याच्याकडे जावयाचें ठरलें आहे.