बीएचपी वाढवायचाय? आधी ब्रेक बघा

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना मी दर दोन वाक्यांमागे "म्हणजे ॲक्च्युअली" म्हणतो, ते काढून टाकलंय. बाकी सगळं जवळपास तसंच आहे.

मागच्या एपिसोडनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच होता. "दादा, टर्बो पेट्रोल गाडी आहे. स्टेज वन रीमॅप करू का?" दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण हाच उद्योग मी स्वतः केलाय आणि त्याचा शेवट आंबेनळी घाटात कसा झाला हे आजवर फक्त माझ्या मावसभावाला माहीत आहे. आईला हे आज एपिसोडमधूनच कळणार आहे. सॉरी, आई.

स्टेजवरची गाडी आणि आकड्याचा मोह

जानेवारी २०२५ मध्ये मी दिल्लीला ऑटो एक्स्पो बघायला गेलो होतो. १९८६ साली हा शो प्रगती मैदानावर सुरू झाला, २०१४ ला ग्रेटर नोएडाला गेला आणि यावेळी भारत मोबिलिटीच्या छत्राखाली परत जुन्या जागी, म्हणजे भारत मंडपममध्ये आला. तिथे स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस होती. २६५ पीएस! माझ्यासारखी पोरं मोबाइल वर धरून उभी. गाडी, लोगो, रील, पुढचा स्टॉल. मीही तेच केलं, खोटं कशाला बोलू.

पण शोमधली गाडी उभी असते. उभ्या गाडीबद्दल आपल्याला फक्त दोन गोष्टी कळतात, दिसते कशी आणि बोर्डावर आकडा काय आहे. म्हणून आपण सगळे आकड्याच्या मागे लागतो. तुम्ही मोबाइल घेताना बेंचमार्क स्कोअर बघता ना? अगदी तसंच. स्कोअर खरा असतो, पण तो पहिल्या दोन मिनिटांचा. अर्धा तास गेम खेळलात की फोन तापतो, प्रोसेसर स्वतःहून हळू होतो आणि फ्रेम अडखळायला लागतात. गाडीतही तापणाऱ्या गोष्टी आहेत. फरक एवढाच की फोन अडखळला तर तुम्ही मॅच हरता.

शोमधल्या स्वप्नांचं अजून एक. टाटाची रेसमो आठवते? २०१७ ला जिनिव्हात दाखवली, २०१८ ला आपल्या ऑटो एक्स्पोमध्ये. छोटीशी दोन सीटर, १९० पीएस, वजन सुमारे ८०० किलो. मी तेव्हा कॉलेजला होतो आणि लॅपटॉपचा वॉलपेपर तोच होता. ती गाडी बाजारात कधी आलीच नाही. आणि ज्या जिनिव्हा शोमध्ये ती आली, तो शोही २०२४ नंतर तिथे बंद झाला. माझं मत विचाराल तर शो असावा इंग्लंडच्या गुडवुडसारखा. तिथे गाड्या साधारण १.८६ किलोमीटरच्या चढावर खरोखर पळवतात. आवाज येतो, टायर जळतो, कुणीतरी गवतात जातं. गाडी काय आहे ते तिथे कळतं.

पॉवर आणि टॉर्क, एकदाच नीट

टॉर्क म्हणजे इंजिन चाकाला जो पीळ देतं तो जोर. पॉवर म्हणजे तो जोर एका सेकंदात किती वेळा देतं त्याचा हिशोब. सूत्र सोपं आहे. टॉर्क न्यूटन मीटरमध्ये घ्या, आरपीएमने गुणा, ९५४९ ने भागा. उत्तर किलोवॅटमध्ये येतं. एक किलोवॅट म्हणजे साधारण १.३६ पीएस.

आता आपल्या चाकणला बनणारी व्हर्टस जीटी घ्या. १.५ लिटर टर्बो, १५० पीएस, २५० न्यूटन मीटर. हे २५० न्यूटन मीटर १६०० आरपीएमलाच मिळतात आणि ३५०० पर्यंत टिकतात. सूत्रात टाका. १६०० ला फक्त ५७ पीएस होतात, ३५०० ला साधारण १२५. पूर्ण १५० मिळायला ५००० पर्यंत जावं लागतं. म्हणजे सिग्नलवरून निघताना पाठीत जो धक्का बसतो तो १५० पीएसचा नसतोच, तो लवकर मिळणाऱ्या टॉर्कचा असतो. उलट होंडा एस२००० घ्या. दोन लिटर, टर्बो नाही, २४० पीएस, पण ते मिळायला ८३०० आरपीएम. ती गाडी खाली शांत आणि वर वेडी.

रीमॅपमध्ये काय करतात? गाडीच्या ईसीयूमध्ये एक तक्ता असतो. किती आरपीएमला, किती थ्रॉटलला टर्बोने किती दाब द्यायचा, किती इंधन सोडायचं, स्पार्क कधी टाकायचा. हा तक्ता बदलला की त्याच इंजिनातून जास्त टॉर्क निघतो. सॉफ्टवेअरवाल्या माणसाला याचा मोह होणारच. एकही पार्ट न बदलता परफॉर्मन्स! कंपनी थोडी जागा राखून ठेवते, कारण पेट्रोल सगळीकडे सारखं नसतं, उन्हाळा असतो, क्लच आणि गिअरबॉक्स वर्षानुवर्षं टिकवायचा असतो. आपण ती राखीव जागा वापरतो. फुकट काही मिळत नाही.

आता घाटाची गोष्ट

माझी गाडी सेकंड हॅन्ड टर्बो पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल. पस्तीस हजार घालून रीमॅप केला. पहिला महिना हायवेवर जे काही वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही. मे महिन्यात आई, मावशी आणि मावसभावाला घेऊन खेडला गावी निघालो. पुणे, वाई, महाबळेश्वर आणि मग आंबेनळीने खाली पोलादपूर.

चौघं माणसं, डिकीत सामान, एसी चालू. मी चौथ्या गिअरमध्ये, दोन वळणांच्या मध्ये गाडी सोडायची आणि वळणावर दाबून ब्रेक. नवीन पॉवर होती ना, मोकळा पट्टा दिसला की पाय जायचाच. प्रतापगडाचा फाटा गेल्यावर थोड्या वेळाने जळका वास यायला लागला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. मग एका वळणाला ब्रेक दाबला तर पेडल मऊ. पुढच्या वळणाला पेडल जवळपास तळाला गेलं आणि गाडी हवी तेवढी हळू झालीच नाही.

मी तिसरा टाकला, मग दुसरा. इंजिन ओरडलं. पेडल भराभर पंप केलं, थोडा दाब परत आला. हॅन्डब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या बाजूला गाडी लावली. मावशी मागून म्हणाली, "अरे थांबलास का? कणसं घ्यायचीत का?" मावसभावाने माझ्याकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं आणि तिला म्हणाला, "हो गं, दाद्याला पाय मोकळे करायचेत." आम्ही पाऊण तास तिथे उभे होतो. माझे हात थरथरत होते म्हणून मी खिशात घातले.

नेमकं झालं काय?

घरी आल्यावर मी कागद घेऊन बसलो. ब्रेकचं काम म्हणजे गाडीच्या वेगातली ऊर्जा उष्णतेत बदलणं. माझी गाडी माणसांसकट धरा १५०० किलो. १०० च्या वेगावरून एकदा पूर्ण थांबायला सुमारे ५.८ लाख ज्यूल उष्णता तयार होते. आता महाबळेश्वर ते पोलादपूर उतार धरा साधारण १३०० मीटर. एवढं खाली येताना जी ऊर्जा सुटते ती १.९ कोटी ज्यूल. म्हणजे १०० वरून शून्यावर, असं ३३ वेळा थांबण्याइतकी! यातला बराच वाटा हवा, टायर आणि इंजिन घेतात, पण तुम्ही घेऊ दिलात तरच. चौथ्या गिअरमध्ये इंजिन फारसं काही अडवत नाही. सगळं ब्रेकवर येतं.

आणि इथे रीमॅप येतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आधी दोन वळणांच्या मध्ये माझी गाडी ६५ ला पोचायची, आता ८० ला पोचायला लागली. ऐकायला पंधराचाच फरक. पण ८० भागिले ६५, त्याचा वर्ग करा, दीड येतो. प्रत्येक वळणाला ब्रेकवर दीडपट उष्णता. पॉवर मी वाढवली होती. डिस्क, पॅड, ब्रेक ऑइल सगळं जुनंच.

ब्रेक जातात त्याचे दोन प्रकार लक्षात ठेवा. पहिला, पॅड तापतात. तेव्हा पेडल कडकच असतं, पण गाडी थांबत नाही. दुसरा, ब्रेक ऑइल उकळतं. त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. माझं दुसरं होतं. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं ऑइल नवीन असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलं की ही किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ ची २०५ वरून १४०. आपल्याकडे चार महिने पाऊस, कोकणात तर विचारूच नका. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं.

मी गाडी घेतल्यापासून ते बदललंच नव्हतं. आधीच्या मालकाने कधी बदललं होतं तेही विचारलं नव्हतं. पस्तीस हजार रीमॅपला, आणि दीड हजाराचं ब्रेक ऑइल राहिलं. चूक रीमॅप करणाऱ्याची नव्हती, माझी होती.

मग रीमॅप करू का नको?

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. रोजच्या गाडीवर, ज्यात घरचे बसतात, करू नका. वॉरंटी जाते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ नोंदीशी न जुळणाऱ्या बदलांना मनाई करतं. इन्शुरन्सला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी गळ्याशी येऊ शकतो. मी माझ्या गाडीत जुना तक्ता परत टाकून घेतला.

तरीही हौस असेल तर पैशाचा क्रम उलटा करा. आधी ब्रेक ऑइल आणि चांगले पॅड, मग टायर, मग सस्पेन्शन, पॉवर सगळ्यात शेवटी. आणि ती पॉवर वापरायला कोइंबतूरचा कारी स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा ट्रॅक आहे, तिथे ट्रॅक डे होतात. समोरून एसटी येत नाही तिथे.

घाटात उतरताना जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम पाळा, ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, थोडा वेळ नीट दाबा आणि सोडा, म्हणजे मध्ये गार व्हायला वेळ मिळतो. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड त्यासाठीच दिलाय.

पुढच्या शोला जाल तेव्हा

रील काढा, पण मग एकदा गाडीपाशी उकिडवे बसा.

चाकाच्या आत बघा. मागे डिस्क आहे की ड्रम? पुढची डिस्क सलग आहे की मध्ये हवा जायला फटी आहेत?

टायरवरचे आकडे वाचा. २०५/५५ आर१६ ९१ व्ही असेल तर रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची, एका टायरवर ६१५ किलोपर्यंत भार, आणि व्ही म्हणजे ताशी २४० पर्यंतचा वेग. सेकंड हॅन्ड गाडी बघताना शेवटचे चार आकडेही बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर.

स्टॉलवरच्या माणसाला पॉवर विचारू नका, ती बोर्डावर आहे. वजन किती ते विचारा. १०० वरून थांबायला किती मीटर लागतात ते विचारा. मी दिल्लीत तीन ठिकाणी विचारलं. एकाने ब्रोशर चाळलं, एकाने साहेबांना बोलावलं आणि एक जण हसून म्हणाला, "सर, हा प्रश्न आज पहिल्यांदाच आला."

तो प्रश्न दहा जणांनी विचारला तर पुढच्या वर्षी त्याचं उत्तर बोर्डावर येईल, असं मला वाटतं.

तर मंडळी, आज संध्याकाळी एक काम करा. गाडीचं सर्व्हिस बुक उघडा आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंय ते बघा. बाबांची गाडी असेल तर बाबांना विचारा. तारीख सापडली नाही तर गणपतीला गावी निघायच्या आधी बदलून घ्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. सांभाळून चालवा.