डिस्क मेली, डेटा जगला… पण किती वेळ?

सबमिशन तोंडावर आलंय, शॉर्ट फिल्मचं सगळं फुटेज डिस्कवर आहे आणि डिस्कमधून टक-टक आवाज येतोय. अशा वेळी ग्रुपमधला एखादा ज्ञानी म्हणतोच, ‘लॅबमध्ये रेड आहे ना? मग टेन्शन नॉट!’

रेड म्हणजे इन्कम टॅक्सवाल्यांची धाड नव्हे. बऱ्याच हार्ड डिस्क जोडून एकच असल्यासारख्या वापरायच्या, ही ती पद्धत. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये त्यावर शोधनिबंध मांडला. एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या अनेक, हा त्यामागचा हिशेब. पण टेन्शन घ्यायचं की नाही, हे तुमचं रेड कितव्या नंबरचं आहे यावर ठरतं.

रेड ० मध्ये फाइलचे तुकडे दोन डिस्कवर वाटले जातात. एडिटिंग सुसाट! मात्र एक डिस्क गेली की सगळंच गेलं, कारण दुसरीवर उरतात ते नुसते अर्धे तुकडे. रेड १ म्हणजे सरळ झेरॉक्स. ४-४ टीबीच्या दोन डिस्क घेऊन जागा ४ टीबीच मिळते, पण एक मेली तरी काम थांबत नाही.

खरी गंमत रेड ५ मध्ये आहे. इथे किमान तीन डिस्क लागतात. समजा, पहिलीवर १ आहे आणि दुसरीवर ०. तिसरीवर असा आकडा लिहायचा की तिन्ही मिळून १ ची संख्या सम व्हावी, म्हणजे १. आता दुसरी डिस्क उडाली. उरले १ आणि १. सम आधीच झालंय, म्हणजे हरवलेला आकडा ० होता! याला पॅरिटी म्हणतात. नवी डिस्क बसवली की हेच गणित अब्जावधी वेळा करून जुना डेटा तिच्यावर परत लिहिला जातो.

आणि धोका नेमका तेव्हाच असतो. ८ टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबीच्या वेगाने भरायची तरी ११ तास लागतात. तेवढा वेळ उरलेल्या डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचल्या जातात. त्याही बहुतेक वेळा एकाच दिवशी घेतलेल्या, तितक्याच म्हाताऱ्या. त्यातली एखादी मध्येच गेली की खेळ खल्लास. रेड ६ दोन डिस्क गेल्या तरी तग धरतं. डिस्क मोठ्या असतील तर रेड ५ वर पैसे वाचवण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

बरं, चुकून फाइल डिलीट केलीत तर? रेड ते इमानेइतबारे सगळ्या डिस्कवर डिलीट करतं! १९९८ मध्ये पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’च्या फाइल्स एका कमांडने भराभर उडाल्या होत्या. बॅकअपही धड चालत नव्हता. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन यांच्या घरच्या कॉम्प्युटरवरच्या कॉपीमुळे. बाळ लहान असल्याने त्या घरून काम करायच्या. तेव्हा लॅबमध्ये रेड असलं तरी फुटेजची एक कॉपी दुसऱ्या जागी हवीच.

आणि रेड बंदच पडलं, तर स्क्रीनवरच्या ‘इनिशियलाइज’ला हात लावू नका, त्याने उरलासुरला डेटाही जाऊ शकतो. डिस्क बाहेर काढण्याआधी मार्करने प्रत्येकीवर तिच्या खाचेचा नंबर टाका. रिकव्हरीवाले पहिल्यांदा तोच क्रम विचारतात.