विश्लेषण : अमरावतीच्या परकोटातले वाडे कोणी बांधले, आणि ते का पडताहेत?

अमरावतीत जवाहर गेटमधून आत शिरले की रस्ता एकदम अरुंद होतो. सराफा, सक्करसाथ, बुधवारा या भागांत दुकानांच्या फलकांवर नजर गेली, तर अजूनही मधूनच सागवानी खांब आणि कोरीव सज्जे दिसतात. वऱ्हाडातली सर्वांत श्रीमंत वस्ती एकेकाळी इथे होती.

श्रीमंती या भिंतीआड का आली?

अठराव्या शतकाच्या अखेरीस अकोल्याच्या तालुकदाराच्या जाचाला कंटाळून तिथली बरीच कुटुंबे अमरावतीला आली, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. कापसाचा व्यापार वाढला, सावकारी वाढली आणि पेंढाऱ्यांची नजरही पडली. व्यापाऱ्यांच्या संरक्षणासाठी निजाम सरकारने 1807 मध्ये परकोट बांधायला घेतला. 20 ते 26 फूट उंच, सुमारे सव्वादोन मैल घेराचा. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या, म्हणजे लहान दारे. अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट, पटेल खिडकी, छत्रपुरी खिडकी ही आज मोहल्ल्यांची नावे झाली आहेत. खुनारी खिडकीचे नाव तिथल्या कत्तलीवरून पडले. त्यात सातशे माणसे मेल्याचे सांगतात. भिंत हौसेची नव्हती, ती भीतीची होती. आत जागा मोजकीच असल्याने घरे एकमेकांना खेटून उभी राहिली.

वाडा बांधत कसा?

जोते दगडाचे, वर विटामातीच्या जाड भिंती आणि सागवानाचा सांगाडा. मेळघाटचे जंगल जवळ असल्याने लाकडाची ददात नव्हती. दिंडी दरवाजातून ढेलजेत, तिथून चौकात, मग ओसरी आणि माजघर. रस्त्याकडे भिंत जवळजवळ बंद. उजेड आणि वारा चौकातून यायचा. छपराला सागवानी तुळयांवर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचे धाबे. पारा पंचेचाळीसवर गेला तरी धाब्याखालची खोली गार राहते. पण हे छप्पर चाकरी मागते. दरवर्षी मृगाआधी त्यावर नवी माती टाकून चोपावी लागते. एखाददोन वर्षे हे राहिले की पाणी मुरते, माती जड होते, तुळईच्या टोकाला वाळवी लागते. वाडे पावसाळ्यात पडतात ते यामुळे.

शेठ बाहेर कधी गेले?

1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि पेंढाऱ्यांचे भय तर त्याआधीच सरले होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने 1861 नंतर कापसाला सोन्याचा भाव दिला. 1867 पर्यंत मुंबईहून नागपूरला रेल्वे पोहोचली. ती बडनेऱ्यावरून गेली आणि अमरावतीला फाटा निघाला. बाजार, कचेऱ्या, कॅम्पातले बंगले, सारे भिंतीबाहेर वाढले. 1897 मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीत भरले. स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे वकील होते. शहराचा मान आता पेढ्यांइतकाच वकिलीकडेही होता.

अकोल्यात नदीने हेच केले. मोर्णेच्या पश्चिमेला असदगड आणि जुने शहर, तर पूर्वेला ताजनापेठ आणि इंग्रजी कचेऱ्या. पैसा पूल ओलांडून गेला.

मग आता अडले कुठे?

मालक बाहेर राहायला गेले, वाड्यात भाडेकरू आले. इथे 1949 पासून मध्यप्रांत-वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश होता, 2000 पासून राज्याचा 1999 चा कायदा आला. कायद्याने भाडेकरूला घर दिले, ते आवश्यकही होते. पण जुन्या नाममात्र भाड्यात धाब्याची माती कोण बदलणार? त्यात आखीव पत्रिकेवर तिसऱ्या-चौथ्या पिढीची वारसांची रांग. एकाची सही पुण्यात, दुसऱ्याची परदेशात. दुरुस्तीवर एकमत होत नाही, विक्रीवर होते. दरम्यान महापालिका कायद्याच्या कलम 264 खाली धोकादायक इमारतीची नोटीस दारावर चिकटते. ती माणसांच्या जिवासाठीच असते, पण बऱ्याचदा तीच वाडा पाडायची वाट मोकळी करते.

कायदा वाचवू शकतो का?

शंभर वर्षे झाली म्हणून घराला आपोआप संरक्षण मिळत नाही. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत वारसा वास्तूंची यादी, श्रेणी आणि समितीची तरतूद आहे. यादीत आलेल्या वास्तूच्या मालकाला न वापरलेल्या बांधकामाच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे इतरत्र विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळू शकतो. मुंबईत त्याला भाव येतो. अमरावती-अकोल्यात शहर आडवे पसरायला अजून जागा आहे, त्यामुळे असा हक्क घ्यायला गिऱ्हाईक शोधावे लागते. मालकासमोर ठोस असतो तो बिल्डरचा प्रस्ताव. जुन्या सागवानाला मात्र लगेच भाव येतो. हॉटेले आणि फार्महाऊस सजवणारे ते उचलून नेतात, म्हणून वाड्याचे खांब आणि दिंडी दरवाजा भिंतींच्या आधी निघतो.