छप्पर आणि उंबरठा

पतीचे घर सुटले, माहेरचे दार उघडले नाही आणि दोन लेकरांना जवळ घेऊन एक स्त्री एस.टी. स्थानकाच्या बाकावर बसली आहे, असे दृश्य बहुतेक गावांनी कधी ना कधी पाहिलेले असते. तिच्यापुढे दोन प्रश्न असतात. आजची रात्र कोठे काढावी, हा पहिला. वर्षभराने आपण कोठे असू, हा दुसरा. समाजाची करुणा पहिल्या प्रश्नाकडे तत्परतेने धावते; दुसऱ्यापाशी मात्र ती थबकते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आज पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहे. १८१ या महिला हेल्पलाइनवरून जवळच्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरची माहिती मिळते. तेथे वैद्यकीय, पोलीस व कायदेविषयक साहाय्यासह सुमारे ५ दिवस राहता येते. त्यापुढील मुक्कामासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’अंतर्गत ‘स्वाधार गृह’ व ‘उज्ज्वला’ या योजना एकत्र करून ‘शक्ती सदन’ योजना आणली. नोकरदार स्त्रियांसाठी ‘सखी निवास’ असून तेथे पाळणाघराचीही तरतूद आहे. मात्र मातेसोबत मुलगा १२ वर्षांपर्यंतच राहू शकतो. त्याहून मोठा मुलगा असलेल्या मातेला निवारा आणि लेकरू यांत निवड करावी लागते. मग ती अनेकदा निवाराच नाकारते.

असे घर म्हणजे धर्मशाळा नव्हे. धर्मशाळेतून प्रवासी आला तसाच पुढे जातो. येथून निघणारी माता मात्र स्वतःच्या पायावर उभी राहिलेली असावी लागते. त्यासाठी पहिली गरज कागदपत्रांची. घर सोडताना ती बहुधा सासरीच राहिलेली असतात. अशा स्त्रीलाही बँकेत ‘लघु खाते’ उघडता येते. छायाचित्र आणि अधिकाऱ्यासमक्ष केलेली सही वा अंगठा एवढ्यावर ते १२ महिने चालते, आणि त्या अवधीत अधिकृत ओळखपत्रासाठी अर्ज केला असल्यास पुढेही चालू राहते. शिल्लक ५०,००० रुपयांहून अधिक आणि महिन्यात काढलेली रक्कम १०,००० रुपयांहून अधिक नसावी, एवढीच मुख्य मर्यादा. तिच्या मजुरीचा पहिला रुपया तिच्याच नावे जमा होणे, ही पुनर्वसनाची खरी सुरुवात होय. मुलांच्या बाबतीत २००९ चा शिक्षणहक्क कायदा साहाय्यक ठरतो. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

तरीही सर्वांत कठीण दिवस निघण्याचा असतो. हाताला काम आहे, मुले शाळेत रुळली आहेत. पण भाड्याची खोली मिळत नाही. घरमालक अनामत मागतो, ओळखीचा माणूस मागतो आणि “घरात पुरुषमाणूस कोण?” असे विचारतो. या एका प्रश्नापायी वर्षभराचे कष्ट वाया जातात. खोली न मिळालेली माता कित्येकदा ज्या घरातून जीव वाचवून निघाली, त्याच घरी परतते.

येथेच व्यापारी कुटुंबांचे साहाय्य मोलाचे आहे. सणावारी मिष्टान्न व वस्त्रे पोहोचविण्याची परंपरा चांगलीच आहे. परंतु ज्यांच्याकडे भाड्याच्या खोल्या आहेत त्यांनी एक खोली अशा मातेला रीतसर नोंदणीकृत कराराने द्यावी. ज्यांची दुकाने, गोदामे वा लघुउद्योग आहेत त्यांनी शाळेच्या वेळेशी जुळणारे काम द्यावे. मंडळांनी अनामतीसाठी फिरता निधी उभारावा. एका मातेने हप्त्याहप्त्याने परत केलेली रक्कम दुसरीच्या उपयोगी पडेल. उसनवारीचा व्यवहार ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कळतो, त्यांना हे अवघड नाही.

याला समाजात पूर्वपीठिकाही आहे. शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांच्या कन्या मगनबाई यांना तरुणपणीच वैधव्य आले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी मुंबईच्या श्राविकाश्रमातून निराधार भगिनींना आश्रयाबरोबर शिक्षणही दिले. अन्न एका दिवसाची भूक भागवते, शिक्षण आयुष्याला आधार देते, हे त्यांनी ओळखले होते.

अभयदान हे श्रेष्ठ दान मानले जाते. मातेच्या बाबतीत अभय म्हणजे काय, हे त्या बाकावरच्या स्त्रीला विचारावे. आतून कडी लावता येईल असे दार, त्याची किल्ली स्वतःच्या कमरेला आणि लेकरे शेजारी निजलेली, एवढेच तिचे मागणे असते.