आधी १९८५ ओळखून दाखव!

घरात कुणी जपून ठेवलेली एक रुपयाची नोट असेल, तर ती उलटी करून बघा. समुद्रात पाय रोवून उभं असलेलं एक लोखंडी धूड बहुधा दिसेल. हा ‘सागर सम्राट’. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, भर अरबी समुद्रात, १९७४च्या फेब्रुवारीत ओएनजीसी या भारताच्या तेल कंपनीला तेल सापडलं ते यानं खणलेल्या विहिरीत. ती जागा म्हणजे मुंबई हाय. आजोबा अजूनही बॉम्बे हायच म्हणत असतील.

१९७६ साली तिथून तेल यायला लागलं. १९८५मध्ये तर रोज ४ लाख ७० हजार बॅरलपर्यंत मजल गेली. एका बॅरलमध्ये १५९ लिटर, गुणाकार तुम्हीच करा! २०२४मध्ये मात्र रोजचा आकडा १ लाख ३४ हजारांच्या आसपास आला होता.

म्हणजे तेल संपत आलं? छे! जगभरातल्या तेलक्षेत्रांचा अनुभव असा, की खडकातल्या एकूण तेलापैकी साधारण तिसरा हिस्साच वर येतो. बाकीचं खालीच अडकून बसतं. अडकतं म्हणजे काय होतं, ते कळायला विटेचा एक कोरडा तुकडा घ्या आणि त्यावर चमचाभर पाणी ओता. गेलं ना गुडूप? आता तेच पाणी बाहेर काढून दाखवा! जमिनीखाली तेलाचं तळं वगैरे काही नसतं. तेल असं खडकाच्या बारीक बारीक छिद्रांत मुरलेलं असतं.

मुंबई हायचा मुख्य खडक चुनखडीचा आहे. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. त्यातल्या चिमुकल्या जिवांची कवचं तळाशी साचत गेली आणि त्यांचा खडक झाला. मधूनमधून चिखलही साचला, त्यामुळे चुनखडीच्या थरांमध्ये शेल नावाच्या खडकाचे पातळ पापुद्रे आहेत. हा चुनखडीचा खडक सगळीकडे सारखा नाही. कुठे छिद्रं मोठी आणि एकमेकांना जोडलेली, तर कुठे इतकी बारीक की तेलाचा थेंब हलायलाच तयार नाही.

सुरुवातीला खालच्या दाबामुळे तेल आपसूक वर येतं. मग दाब घटतो. तो टिकवायला १९८४पासून इथे काही विहिरींतून पाणी खाली सोडायला सुरुवात झाली. पाण्यानं तेलाला ढकलत दुसऱ्या विहिरीकडे न्यायचं, असा बेत. पण पाणी महा आळशी! ते मोठ्या छिद्रांची सोपी वाट धरतं आणि थेट पलीकडच्या विहिरीतून बाहेर येतं. शेजारच्या अवघड थरातलं तेल जिथल्या तिथे.

ते नेमकं कुठे राहिलंय, हे शोधायचं कसं? समुद्रतळाखाली सव्वा-दीड किलोमीटरवर कोण डोकावणार! तेलविहीर तळाशी जेमतेम वीतभर रुंद असते आणि दोन विहिरींमध्ये शेकडो मीटर अंतर. पण त्या वीतभर भोकातही पुष्कळ काही कळतं. खडकाचा दंडगोलासारखा तुकडा कापून वर आणतात आणि त्याची छिद्रं मोजतात. तारेला बांधून उपकरणं खाली सोडतात. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, तेलातून वाहत नाही. म्हणून खडकाचा विजेला होणारा विरोध मोजला की छिद्रांत काय भरलंय याचा सुगावा लागतो. शेलमध्ये किरणोत्सारी द्रव्यं जरा जास्त असतात, त्यामुळे तेही लपून राहत नाही. विहिरींच्या मधल्या भागाचा अंदाज घ्यायला समुद्रात ध्वनिलहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी टिपतात.

हे सगळं कॉम्प्युटरला दिलं की तो तेलक्षेत्राचं मॉडेल रचतो. लाखो ठोकळे, आणि प्रत्येक ठोकळ्याला त्याची माहिती चिकटवलेली : छिद्रं किती, त्यातून तेल वाहतं किती सहज, तेल किती, पाणी किती. विहिरींजवळच्या ठोकळ्यांची माहिती खरीखुरी मोजलेली असते. मधल्यांची? ती भूगर्भशास्त्राचे नियम वापरून बांधलेली अटकळ.

मग त्या अटकळीवर विश्वास कसा ठेवायचा? मला या सगळ्या उद्योगातली ही पायरी फार आवडते. मॉडेलला भविष्य विचारायच्या आधी भूतकाळ विचारतात! त्याला नेऊन बसवायचं १९७६मध्ये आणि म्हणायचं, चल, सुरू हो. अमुक विहिरीतून १९८५ साली किती तेल निघालं, सांग बरं. तमक्या विहिरीत पाणी कोणत्या वर्षी आलं? खरी उत्तरं ओएनजीसीच्या नोंदींत असतातच. मॉडेल म्हणालं ‘१९९५’ आणि पाणी खरं तर १९९१लाच आलं असेल, तर मधे कुठेतरी आपल्याला न दिसलेली सोपी वाट आहे. ठोकळे बदला आणि पुन्हा चालवा. असं कितीतरी वेळा करावं लागतं. त्यातही मेख अशी, की चुकीची मॉडेलंसुद्धा कधीकधी बरोबर उत्तर देतात (गणिताच्या पेपरात होतं की असं!). म्हणून शहाणी माणसं एकाच मॉडेलवर विसंबत नाहीत, अनेक बनवतात. सगळी मिळून एकाच जागेकडे बोट दाखवू लागली, की तिथे तेल राहिलं असण्याची शक्यता बरीच.

आता नवी विहीर खणायची? दर वेळी गरज नसते. जुन्या विहिरीच्या पोलादी नळीला आतून खिडकी पाडतात आणि तिथून आडवी फांदी काढून गिरमिट थेट त्या राहून गेलेल्या थरात घुसवतात. २०००नंतर मुंबई हायच्या पुनर्विकासात अशा फांद्या पुष्कळ काढल्या गेल्या.

जानेवारी २०२५मध्ये ओएनजीसीनं या कामासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीची मदत घ्यायचं ठरवलं. (हे आजोबांचं बीपी नव्हे!) एरवी जेवढं तेल निघालं असतं, त्यापेक्षा दहा वर्षांत ४४ टक्के जास्त काढता येईल, असा बीपीचा अंदाज आहे. तो खरा ठरतो का, हे तुम्ही कॉलेजात जाईपर्यंत कळेलच.